त्या दिवशीचा कान, आजचा कान

देवळाली कॅम्प, नाशिक

प्रति,
माननीय अध्यक्ष,
सशस्त्र दल न्यायाधिकरण, नवी दिल्ली

महोदय,

आर्टिलरी रेकॉर्ड्स, नाशिक रोड कॅम्प, 422102. हा पत्ता आपल्या खंडपीठांना पाठ झाला असेल. अर्जदार भटिंड्याचा असो, साताऱ्याचा असो की तिरुनेलवेलीचा. तो तोफखान्यातला असेल तर भारत सरकार, लष्करप्रमुख आणि प्रयागराजचे पेन्शन कार्यालय यांच्यासोबत प्रतिवादींच्या यादीत हा पत्ता असतोच. देशभरातल्या गनरांची कागदपत्रे शेवटी इथे येऊन पडतात आणि डिसॅबिलिटी पेन्शन नाकारल्याची पत्रेही इथूनच निघतात. त्यामुळे आपल्या न्यायाधिकरणापुढच्या एका अडचणीबद्दल देवळालीतून पत्र यावे, यात नवल नाही.

देवळाली कॅम्पला तोफेचा आवाज नवा नाही. फाळणीनंतर तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र काकूलहून इथे आले, तेव्हापासून बोफोर्ससकट बहुतेक सगळ्या तोफा या माळावर येऊन गेल्या. 9 नोव्हेंबर 2018 रोजी के-9 वज्र आणि एम-777 लष्करात दाखल झाल्या त्याही इथेच, तेव्हाच्या संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांच्या उपस्थितीत. कारगिलच्या युद्धात भारतीय तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे डागले, हे दर जुलैत अभिमानाने सांगितले जाते. ते गोळे डागणाऱ्यांच्या कानांचे पुढे काय झाले, हे मात्र ज्याच्या त्याच्या मेडिकल फाइलमध्ये राहते.

मोठ्या तोफेजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या कानावर पडणारा धक्का 140 डेसिबलच्या बराच वर असतो. अशा आवाजाने होणारी इजा श्रवणचाचणीच्या आलेखात आधी 4000 हर्ट्झच्या आसपास दिसते. तिथे रेघ खड्ड्यात उतरते आणि पुढे पुन्हा वर येते. जवानाला स्वतःला त्या वेळी फारसे काही जाणवत नाही. बोलणे ऐकू येते, फोन ऐकू येतो; फक्त गोंगाटात समोरच्याचे शब्द निसटतात. निवृत्तीच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्ड बसते, कान तपासते आणि लिहिते : 15 ते 19 टक्के, कायमस्वरूपी.

या '15 ते 19'वर जरा थांबायला हवे. डिसॅबिलिटी पेन्शनचा उंबरठा 20 टक्क्यांचा आहे. 31 जानेवारी 2001 च्या सरकारी पत्राने टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याची सोय केली. पन्नासच्या आत असेल ते 50 धरायचे, 50 ते 75 असेल ते 75 आणि त्यापुढचे सगळे 100. शंभर टक्के अपंगत्वासाठी शेवटच्या पगाराच्या 30 टक्के रक्कम मिळते. म्हणजे 20 टक्केवाल्याचे 50 होतात आणि त्याला पगाराच्या 15 टक्के रक्कम लागू होते. शेवटचा पगार 40,000 रुपये धरला तर महिन्याला 6,000, वर महागाई सवलत, आणि तेही हयातभर. 19 टक्केवाल्याला शून्य. डिसेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विंग कमांडर राठोड प्रकरणात स्पष्टच सांगितले की, मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्याचे अपंगत्व 20 टक्क्यांच्या खाली असेल तर पेन्शनमधला अपंगत्वाचा घटकच मिळत नाही. मग तो वरच्या टप्प्याला नेण्याचा प्रश्न येतोच कुठे? नियमाचा अर्थ म्हणून हा निकाल चुकीचा म्हणता येणार नाही. पण एका टक्क्यावर सहा हजार रुपये महिना टांगलेले असले की ती टक्केवारी ज्या दिवशी काढली, त्या दिवसाला भलतेच वजन येते.

आणि शरीर त्या दिवशी थांबत नाही. खरा पेच इथे आहे.

चाळिशीत घरी आलेल्या गनरचे कान पन्नाशीत आणखी मंदावतात. साठीत श्रवणयंत्र येते. तो अर्ज करतो की, 'माझे अपंगत्व वाढले, पुन्हा तपासा.' उत्तर येते की, हे वयामुळे आहे, नोकरीमुळे नाही. वैद्यकशास्त्र इथे जवानाच्या बाजूने ठामपणे उभे राहत नाही, हेही कबूल करायला हवे. तोफेपासून दूर गेल्यावर आवाजाने झालेली इजा स्वतःहून फारशी वाढत नाही. पुढची झीज मुख्यतः वयाची असते. पण वयाची झीज धडधाकट कानावर होणे वेगळे आणि आधीच दुखावलेल्या कानावर होणे वेगळे. दहा-पंधरा वर्षांत आलेखातला तो 4000 हर्ट्झचा खड्डा वयाच्या उतारात मिसळून जातो. मग कुठल्याही तज्ज्ञाला तोफेचा वाटा किती आणि वयाचा किती, हे वेगळे काढून दाखवता येत नाही. जितका उशीर होतो, तितका पुरावा पुसला जातो. हा उशीर बहुतेक वेळा अर्जदाराने केलेला नसतो.

पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1944 मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात पाय गमावलेल्या सैनिकांना कृत्रिम पाय बसवून चालायला शिकवतात. गमावलेला पाय परत येत नाही, म्हणून अपंगत्व 'कायमस्वरूपी' आणि टक्केवारी ठरलेली. पण वीस वर्षे एका खऱ्या आणि एका कृत्रिम पायावर चालणाऱ्याचा तो खरा गुडघा सगळा भार घेऊन झिजतो, पाठ वाकते, उरलेल्या खुंटावर जखमा होतात. गुडघ्याची ही झीज जुन्याच अपंगत्वाचा वाढलेला भाग म्हणायची की 'संधिवात, नोकरीशी संबंध नाही' म्हणून नवा आजार? मेडिकल बोर्ड दुसरे लिहून मोकळे होऊ शकते. शेवटी निर्णय न्यायाधिकरणाला करावा लागतो आणि त्याच्यासमोर असतो तो निवृत्तीच्या दिवशीचा कागद.

कायद्यात बदलत्या प्रकृतीला जागाच नाही, असे नाही. एके काळी तर ती गरजेपेक्षा जास्त होती. 2001 पूर्वी दर काही वर्षांनी रिसर्व्हे मेडिकल बोर्ड बसायचे. ज्याला आधी 20 टक्के मिळाले होते त्याला पुढच्या बोर्डाने 11 ते 14 वर आणले की पेन्शन बंद. असे पेन्शन बंद झालेल्यांच्या फाइली आजही आपल्या खंडपीठांपुढे येतात. 7 फेब्रुवारी 2001 च्या पत्राने ही फेरी संपवली. कायमस्वरूपी अपंगत्वाचा निर्णय एकदाच आणि आयुष्यभरासाठी. तात्पुरते असेल तर फक्त एक फेरतपासणी. पुढे पुन्हा पाहायचे झाले तर ते सैनिकाने स्वतः मागितल्यावरच, आणि त्या रिव्ह्यू बोर्डाचा निर्णय अंतिम. कमांडर राकेश पांडे प्रकरणात नोव्हेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच पत्रावर बोट ठेवले. मधुमेहासारखा आजार कायमचा असताना पेन्शन पाच वर्षांपुरते बांधता येणार नाही, ते हयातभर द्यावे लागेल.

एवढे सगळे जवानाच्या बाजूचे वाटते, आणि पुष्कळसे आहेही. पण 'स्वतः मागितल्यावरच' या शब्दांत एक जुगार आहे. वाढ मागायला गेलेल्याची टक्केवारी कमीही होऊ शकते, आणि तो निर्णय अंतिम. गावाकडचा माजी सैनिक हे ऐकून गप्प बसतो. मिळतेय तेवढे पुरे, कशाला नसता उद्योग!

आता आपल्याच न्यायाधिकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेलेले एक प्रकरण जरा सविस्तर पाहावे लागेल, कारण या पत्राचे म्हणणे त्यातच आहे. वीरपाल सिंग प्रकरण, 2013. अर्जदार 1972 मध्ये भरती झालेला जवान. 1977 मध्ये त्याला स्किझोफ्रेनिया म्हणून घरी पाठवले. बोर्डाने लिहिले की आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीने वाढलेलाही नाही. न्यायाधिकरणाने बोर्डाचे मत मान्य करून अर्ज फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवला. वैद्यकीय ग्रंथ चाळले, बोर्डाच्या निष्कर्षामागे कारणे नाहीत हे दाखवले आणि बोर्डाचे मत यांत्रिकपणे उचलल्याबद्दल न्यायाधिकरणाला बोल लावला. इथवर सगळे ठीक. पण पुढचा आदेश काय होता? अर्जदाराला रिव्ह्यू मेडिकल बोर्डापुढे पाठवा, ते त्याची प्रकृती आणि पेन्शनचा हक्क पुन्हा तपासेल.

1977 मध्ये घरी गेलेल्या माणसाची 2013 नंतर तपासणी. छत्तीस वर्षांत माणूस बरा झाला असेल तर बोर्ड म्हणेल, अपंगत्वच नाही. बिघडला असेल तर म्हणेल, हे मधल्या आयुष्याने झाले. दोन्ही बाजूंनी तोटा त्याचाच. विशीतल्या शिपायाच्या डोक्यात तेव्हा काय चालले होते, हे म्हातारपणीच्या तपासणीतून कुणी आणि कसे सांगायचे? न्यायालयाचा हेतू निखळ सहानुभूतीचा होता, यात शंका नाही. पण दोन प्रश्न एकात मिसळले गेले. एक, तेव्हाचा निर्णय बरोबर होता का? दोन, आज प्रकृती कशी आहे? पहिल्याचे उत्तर कागदात असते, दुसऱ्याचे शरीरात. पहिल्यासाठी शरीर तपासायला पाठवले की दोन्ही उत्तरे हातची जातात.

त्याच वर्षी धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या प्रश्नासाठी चांगली वाट घालून दिली. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट आला असे धरायचे, पुढची झीज नोकरीतली मानायची आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर. 2014 मध्ये सुखविंदर सिंग प्रकरण आले. तेही कानाचेच होते : ऐकू कमी येते म्हणून घरी पाठवलेला जवान, बोर्डाच्या हिशेबाने अपंगत्व 20 टक्क्यांच्या खाली. न्यायालयाने सरळ तर्क मांडला. नोकरीतून काढून टाकण्याइतके अपंगत्व असेल तर ते 20 टक्क्यांहून जास्तच मानले पाहिजे. एप्रिल 2025 मध्ये बिजेंदर सिंग प्रकरणात हाच धागा पुढे गेला. सियाचिनवर राहून आलेल्या, फेफऱ्यामुळे 1980 च्या दशकाअखेरीस घरी पाठवलेल्या त्या जवानाला 1 जानेवारी 1996 पासून 50 टक्क्यांच्या हिशेबाने अपंगत्वाचा घटक देण्याचा आदेश झाला. इथे न्यायालयाने त्याला पुन्हा डॉक्टरांच्या रांगेत उभे केले नाही. कागदावरून पहिला प्रश्न सोडवला आणि पैसे देऊन टाकले.

पण ही सारी वाट नोकरीतून काढून टाकलेल्यांची. मुदत पुरी करून, पेन्शन घेऊन, 15 ते 19 टक्क्यांचा शेरा खिशात घालून गावी आलेल्या हवालदाराला ती उपयोगी नाही. त्याच्यासाठी दुसरा प्रश्नच मोठा आहे आणि त्या प्रश्नाला आपल्या खंडपीठांची उत्तरे एकसारखी नाहीत. लखनौ खंडपीठाच्या कित्येक आदेशांचा एक साचा दिसतो : निवृत्तीनंतर दोन वर्षांसाठी पेन्शन मंजूर, टक्केवारी वरच्या टप्प्याला नेलेली आणि पुढच्या हक्कासाठी रिसर्व्हे बोर्ड. साचा म्हटला तरी विचार चांगला आहे. मागचे कागदावरून, पुढचे तपासणीवरून. मात्र राकेश पांडे निकालाप्रमाणे आजार कायमस्वरूपी असेल तर दोन वर्षांची गाठ बांधायची की नाही, यावर आदेशागणिक फरक पडतो. लखनौच्या अर्जदाराला एक न्याय आणि मुंबईच्या अर्जदाराला दुसरा, हे आपल्यालाही नको असेल.

बाहेर काय चालते? ब्रिटनमध्ये हा प्रश्न कायद्यानेच तोडून टाकला आहे. 1998 च्या सामाजिक सुरक्षा कायद्याचे 12 वे कलम सांगते की, ज्या निर्णयाविरुद्ध अपील आहे, त्या निर्णयाच्या वेळी नसलेली परिस्थिती ट्रिब्युनलने विचारात घ्यायची नाही. निर्णयानंतर प्रकृती बिघडली? नवा अर्ज करा. हे निष्ठुर वाटते, आणि अपील सुनावणीला यायला महिनेच्या महिने लागले की ते निष्ठुर होतेही. पण त्यात एक सोय दडलेली आहे. नंतरचा वैद्यकीय अहवाल आणायला तिथे बंदी नाही. तो निर्णयाच्या दिवशीच्या प्रकृतीवर प्रकाश टाकत असेल तर चालतो. आजचा आलेख तेव्हाचा कान दाखवू शकतो, एवढे तिथल्या न्यायाधीशांनी मान्य केले आहे. आपल्याकडे निवृत्तीनंतर एका वर्षात बाहेरच्या कानतज्ज्ञाने काढलेला आलेख 'सर्व्हिस हॉस्पिटलचा नाही' म्हणून कोपऱ्यात पडतो.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या दाव्यांचे न्यायालय वेगळ्या रस्त्याने गेले. 1999 च्या फेंडरसन आणि 2007 च्या हार्ट या निकालांपासून तिथे टक्केवारी टप्प्याटप्प्याने ठरवता येते. दावा चालू असताना पहिली दोन वर्षे 10 टक्के, पुढची तीन वर्षे 30, मग 50, जशी प्रकृती तशी. एका अर्जात, एका आदेशात. तिथल्या यंत्रणेवर विलंबाचे आरोप आहेतच, पण शरीर बदलते हे गृहीत धरून तिने हिशेब मांडला आहे, हे खरे.

आपल्याकडे विलंबाचा खर्च कोण भरतो? वाढलेली टक्केवारी बहुधा रिव्ह्यू बोर्डाच्या तारखेपासून धरली जाते. जवानाने रेकॉर्ड्सला लिहिलेले पहिले पत्र, मग पहिले अपील, मग दुसरे, मग सहा महिन्यांच्या मुदतीत न्यायाधिकरणाचा अर्ज, मग तारखा आणि सर्वात शेवटी बोर्ड. मधल्या सगळ्या वर्षांत अपंगत्व होते, अर्ज होता, फक्त बोर्ड नव्हते. मागची थकबाकी 2008 च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित करण्याची प्रथा आहे. त्या निकालात माणूस 1983 मध्ये घरी गेला आणि 1999 मध्ये न्यायालयात आला, म्हणजे उशीर त्याचा होता. उशीर सरकारचा असेल तिथे त्याच फूटपट्टीने मोजणे सरळ अन्यायाचे होते.

सरकारची काळजीही खोटी नाही. 2023 मध्ये कॅगने डिसॅबिलिटी पेन्शनची झडती घेतली तेव्हा अधिकाऱ्यांमधले प्रमाण जवानांच्या दुपटीच्या आसपास निघाले आणि त्यात जीवनशैलीच्या आजारांचा वाटा मोठा होता. फील्डवर घाम गाळणाऱ्यापेक्षा वरच्या पदावरच्याला जास्त अपंगत्व कसे, हा प्रश्न कँटीनच्या रांगेतही विचारला जातो, तेव्हा कॅगने विचारला म्हणून रागावण्यात अर्थ नाही. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम आले, त्यांत मुदत पुरी करणाऱ्यांसाठीचा घटक 'इम्पेअरमेंट रिलीफ' या नव्या नावाने आला, कसोट्या कडक झाल्या. त्याआधी निवृत्त झालेल्यांना जुनेच नियम लागू. उलट बाजूला 2015 मध्ये मनोहर पर्रीकरांनी संरक्षणमंत्री असताना नेमलेल्या समितीने अपंगत्वाच्या प्रकरणांत सरकारने वरच्या न्यायालयापर्यंत अपिले रेटू नयेत असे सांगितले होते. रेटणे थांबलेले नाही. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गवस प्रकरणात सरकारची याचिका फेटाळताना पुन्हा तेच सांगितले : आजार शांततेच्या ठिकाणी सुरू झाला, एवढ्यावरून तो नोकरीचा नाही असे ठरत नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजुमोन प्रकरणात बोर्डाला बजावले की निष्कर्ष लिहिताना कारणे द्या. नुसता शेरा चालणार नाही.

या सगळ्यात आपल्या हातात काय आहे? नियम बदलणे मंत्रालयाचे काम. पण अर्ज कसा चालवायचा, हे बऱ्याच अंशी खंडपीठांच्या हातात आहे. 'निवृत्तीनंतर प्रकृती बिघडली' असे अर्जात लिहिलेले असेल तर बोर्डाचा आदेश अंतिम निकालात देण्याऐवजी पहिल्याच तारखेला द्यावा. सरकारचे उत्तर येईपर्यंत नाही तरी महिने जातात. तेवढ्यात लष्करी रुग्णालयात तपासणी होऊन अहवाल फाइलला लागतो. बोर्डाला दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. निवृत्तीच्या दिवशी कागदांवरून टक्केवारी किती दिसते, आणि आज किती आहे. दोन्हींची कारणे वेगळी मागावीत. आणि बोर्डापुढे जाण्याआधी अर्जदाराला त्याच्या भाषेत सांगावे की आकडा खालीही येऊ शकतो. साताऱ्याच्या किंवा सिन्नरच्या निवृत्त नायकाला इंग्रजी आदेशातला तो धोका वकिलाने समजावला असेलच, असे धरून चालू नये.

तारखेचाही नियम असावा. वाढ मान्य झाली तर ती बोर्ड बसल्याच्या दिवसापासून न धरता जवानाने लेखी मागणी केल्याच्या दिवसापासून धरावी. तो दिवस सिद्ध करायला फार काही लागत नाही. नाशिक रोड कॅम्पच्या आवक नोंदीत तो असतो. पेन्शनचे 'स्पर्श' पोर्टल आल्यापासून तर प्रत्येक मागणीवर तारीख आपोआप पडते.

आवक नोंदीवरून आणखी एक. पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांची कागदपत्रे साधारण 25 वर्षांनी नष्ट केली जातात. नोकरीतून लवकर काढलेल्या, थोडी ग्रॅच्युइटी घेऊन गेलेल्या माणसाला म्हातारपणी प्रकृती बिघडल्यावर जाग येते आणि उत्तर मिळते की कागद जाळले, प्रमाणपत्र जोडले आहे. मग पहिला प्रश्न कागदावरून सोडवण्याची वाटही बंद. ज्या प्रकरणात दावा उभा आहे त्यातले मेडिकल बोर्डाचे कागद राखून ठेवण्याचा आदेश पहिल्या तारखेलाच देणे खंडपीठाला सहज जमण्यासारखे आहे. सगळ्याच रेकॉर्ड कार्यालयांनी बोर्डाची दोन-चार पाने स्कॅन करून ठेवावीत, असे आपण मंत्रालयाला सुचवले तर ते डावलणे त्यांना जड जाईल.

निवृत्तीनंतर उमटणाऱ्या आजारांचेही पाहावे. 1982 आणि 2008 च्या हक्क नियमांत एक तरतूद होती : निवृत्तीच्या वेळी नसलेला, पण 7 वर्षांच्या आत दिसलेला आजार नोकरीत सुरू झालेल्या प्रक्रियेचे उशिरा आलेले फळ आहे असे वैद्यकीय मत असेल तर तो नोकरीचा मानता येतो. तरतूद माहीतच नसल्याने अर्जदार ती मागत नाहीत आणि मुदत निघून जाते. अर्जात आजार सुरू झाल्याची तारीख या 7 वर्षांत बसत असेल तर खंडपीठाने स्वतःहून ती विचारात घ्यावी. वकील विसरला म्हणून जवानाचा हक्क जाऊ नये.

शेवटचा बदल मृत्यूचा. अर्ज चालू असताना अर्जदार गेला की पत्नीचे नाव वारस म्हणून लागते आणि थकबाकीची लढाई ती पुढे नेते. पण गेलेल्या माणसाचे मेडिकल बोर्ड होत नाही. वाढलेल्या अपंगत्वाचा दावा तिथे पुराव्याविना लटकतो आणि तिला फक्त जुन्या टक्केवारीवर भांडावे लागते. नाशिक रोडहून सकाळी पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबई खंडपीठात तारखेला गेलेल्या विधवेला हे समजावून सांगणे वकिलांनाही जड जाते. बोर्ड पहिल्या तारखेला झाले असते तर तिच्या हातात आकडा असता.

ही विनंती मान्य करण्यासाठी नवा कायदा लागत नाही. आपल्या सहीचे एक परिपत्रक सगळ्या खंडपीठांच्या रजिस्ट्रीकडे गेले, आणि अर्ज दाखल करून घेतानाच 'प्रकृतीत बदल झाल्याचा दावा आहे का?' अशी एक ओळ छाननी तक्त्यात आली, तरी कामाला सुरुवात होईल.

कळावे.

देवळाली कॅम्पचा एक रहिवासी